बसलेली पाखरं मोजणाऱ्या जनूला

जनू, तू गेल्याला आज बावीस दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर रागावलेलो आहे. वहिनी म्हणाल्या, "आता तरी राग सोडा, भावोजी." सोडू कसा? वर्षभर मी तो राग सांभाळून ठेवला. एक दिवस तू लालबागला येशील, गोदामाच्या दारात उभा राहून "बाबल्या, गाढवा" म्हणशील, आणि मग मी तुला चार गोष्टी सुनावीन, असं धरून चाललो होतो. तू आला नाहीस. गाठीच्या तापानं तुला तीन दिवसांत नेलं, आणि तेव्हा मी बोटीवर होतो, तुझ्याच त्या खडकाकडे निघालेला. भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुझी जुनी खोड. लहानपणी गोट्या खेळतानाही तू हेच करायचास. उरलेलं भांडण आता मला एकट्यालाच करायचं आहे.

गिरगावात आपण एकाच चाळीत वाढलो. तुमचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, गॅलरीतून वारा येणारं. आमची खोली जिन्याखाली, कारण माझा बाप त्या चाळीचा राखणदार. तू शाळेत गेलास, मी बंदरावर. तू नकाशे काढायच्या कचेरीत लागलास तेव्हा मी हमालांचा मुकादम झालो होतो. मुकादमाचा दलाल झालो, दलालाचा मक्तेदार. कुणी हात धरून वर घेतलं नाही. मला एकच विद्या येत होती: ढीग नुसता बघायचा आणि पोती किती भरतील ते सांगायचं. बंदरावर माझा अंदाज चुकला असं कुणी म्हणू शकत नसे. तू मात्र म्हणायचास, "ढीग हलत नाही, म्हणून तुझं जमतं."

मी तेव्हा हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला फार उशीर लागला.

तुला खडकाची माहिती सांगायला नको, पण हे वाचणाऱ्यांना सांगतो. वेंगुर्ल्यापुढे भर समुद्रात उभे कडे असलेले खडक आहेत. त्यांच्या कपारींत आणि गुहेत पाकोळ्या राहतात. हे पाखरू काटक्या गोळा करत नाही. स्वतःच्या थुंकीनं दगडावर वाटीएवढं घरटं चिकटवतं. ती घरटी चिनी लोक सार करून पितात आणि त्यांच्यासाठी काय वाटेल ते मोजतात. सरकार खडकाचा मक्ता लिलावानं देतं. बोली लावण्याआधी खडकावर घरटी किती, हे ज्याला ठाऊक त्याची सरशी. बाकीचे बोटीतून एक फेरी मारून आभाळाकडे बघून बोली लावत. मला तुझी आठवण झाली.

पहिल्या वर्षी तू रजा काढून आलास. बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत तू ओकत होतास. मी म्हणालो, "कशाला आलास रे, मरायला?" तू तोंड पुसून म्हणालास, "तुझा अंदाज खोटा ठरवायला." पिशवीत तू दोन वस्तू आणल्या होत्यास. एक फुटक्या पाटीची लाकडी चौकट, तिच्यात उभे-आडवे दोरे ताणून घरं पाडलेली. दुसरा वहिनींचा आरसा. त्यावरून घरात काय झालं होतं तेही तूच सांगितलंस. वहिनी म्हणाल्या होत्या, "माझा आरसा पाखरांना तोंड बघायला नेताय? मी काय पाण्यात बघू?"

ओहोटीला भिवा तांडेलाची होडी गुहेच्या तोंडाशी लागली. भिवानं आरसा धरला, उन्हाची एक पट्टी आत भिंतीवर फिरू लागली, आणि तू चौकट डोळ्यासमोर धरून एकेक घर मोजत गेलास. बसलेल्या पाखराची पांढुरकी छाती त्या पट्टीत चमकायची. तू बोट हलवायचास, ओठ हलवायचास, पुढे जायचास. मला धीर कुठला?

"किती झाली?"

"गप बस."

"अरे वर बघ, आभाळ भरलंय. ती कोण मोजणार?"

"वरची मोजत नाही."

"का? ती काय उसनी आणलीत?"

"तीच तीच फिरून येतात, बाबल्या. उडणारं पाखरू दहा वेळा मोजशील. बसलेलं एकदाच मोजलं जातं."

भिवा खो खो हसला. तुझा आकडा आला, मी त्यावर बोली लावली आणि मक्ता माझा झाला. त्या वर्षी घरटी तू म्हणाला होतास जवळपास तेवढीच निघाली. मी तुला खांद्यावर घेऊन गिरगावभर फिरवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

मग तू दरवर्षी येत राहिलास. त्याच महिन्यात, त्याच तिथीला, त्याच ओहोटीला. एकदा बोट चुकली म्हणून मी म्हणालो, दोन दिवस उशिरा मोजलं तर काय बिघडतं? तू माझ्यावर ओरडलास. तू असा ओरडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "मागच्या वर्षी ओहोटीला मोजलं आणि यंदा भरतीला, तर कमी झाली ती पाखरं की पाण्याखाली गेलेली भिंत, हे मला कोण सांगणार? तुझा बाप?" बाप काढलास तरी मी गप्प बसलो. एवढ्यासाठीच सांगतो, माझंही तुझ्यावर काही थोडं प्रेम नव्हतं.

चौथ्या वर्षी तू लालबागच्या गोदामात आलास. परळहून येणाऱ्या बायका ओळीनं बसून भिजवलेल्या घरट्यांतली पिसं सुईनं काढत होत्या. तू एक घरटं उचललंस, उजेडात धरलंस.

"यात गवत आलंय."

"येतं कधी कधी."

"आधी येत नव्हतं. पिसंही जास्त आहेत. थुंकी पुरत नाही त्यांना. तू एक काढतोस, ती दुसरं बांधतात, तू दुसरं काढतोस, ती तिसरं बांधतात. अंडी घालायची कधी?"

"माल माझा, जनू. तू मला मालाची पारख शिकवू नकोस."

सोनाबाई सगळ्यांत जुनी. ती मान वर न करता म्हणाली, "मास्तर खोटं नाही सांगत, शेट. आताशा एका घरट्याला आमची सकाळ जाते." तू मास्तर नव्हतास, पण चष्म्यामुळे सगळ्या तुला मास्तरच म्हणत. मी तिला गप्प केलं. तू म्हणालास, "बसणारी पाखरं दरवर्षी कमी होताहेत. तीन वर्षं खडक सोड. हात लावू नकोस." मी विचारलं, या बायकांनी तीन वर्षं काय खायचं? तू विचारलंस, पाखरं संपल्यावर काय खातील? उत्तर नसलं की माझं डोकं फिरतं, हे तुला माहीत होतं. मी तुला चालता हो म्हणालो. तूही चालता झालास.

त्यानंतर तू जिल्ह्याच्या कचेरीला लिहिलंस. खडकाचा मक्ता काही वर्षं बंद ठेवावा, पाखरं संपत चालली आहेत. मला कळलं ते लिलाव थांबल्यावर, परक्या माणसाच्या तोंडून. बंदरावर सगळ्यांसमोर तो म्हणाला, "काय शेट, घरचाच माणूस निघाला?" माझी तक्रार ही आहे, जनू, आणि आजही तीच आहे. लिहिण्याआधी माझ्याकडे यायचं होतंस. माझ्याशी सौदा करायचा होतास. तीन वर्षं म्हणाला असतास तर मी एक म्हणालो असतो, आपण दोनवर आलो असतो. माझ्याशी घासाघीस न करता तू परस्पर कागद पाठवलास. मी काय तुझा कुणीच नव्हतो?

पण या कागदावर मला खोटं लिहायचं नाही. तू आला होतास. एकदा नाही, तीनदा आलास. दारावरच्या माणसाला मी सांगून ठेवलं होतं की जनूभाऊ आले तर शेट नाहीत म्हणायचं. तिसऱ्या वेळी मी आत माळ्यावर उभा होतो आणि फटीतून तुला बघत होतो. तू उन्हात थोडा वेळ थांबलास, चष्मा पुसलास आणि गेलास. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी अर्ज केला. अर्ज लिहून देणाऱ्याला माझ्या तोंडानं एकेक शब्द सांगितला. खडकावर पाखरं पूर्वीइतकीच, किंबहुना जास्त आहेत. मोजणी करणारा गृहस्थ चष्मा लावतो, त्याची नजर अधू आहे, अंधाऱ्या गुहेत त्याला काय दिसणार. साहेबांनी स्वतः येऊन डोळ्यांनी खात्री करावी. नजर अधू हे मी घातलं, लिहिणाऱ्यानं नव्हे. तो म्हणालाही, एवढं कशाला? मी म्हणालो, लिही.

साहेब आले. मक्ता अजून रीतसर काढून घेतला नव्हता, म्हणून माझ्या माणसांनी दोनच दिवस आधी भिंती खरवडल्या होत्या. होडी जवळ गेली आणि आभाळ काळं झालं. पाकोळ्या इतक्या की सूर्य झाकावा. साहेब हसत माझ्याकडे वळले. चौकट नको, आरसा नको, ओहोटी नको. मक्ता पुन्हा माझा झाला. तुझ्या कचेरीत तुला "पाकोळीवाले" म्हणून चिडवू लागले, तेही मला कळलं आणि बरं वाटलं.

पेढे घेऊन मी चाळीत आलो होतो, आठवतं? जिन्यावर गाठ पडली. मी पुडा पुढे केला.

"घे. आभाळभर होती पाखरं. साहेबांनी स्वतः बघितली."

"ती तूच उडवून लावली होतीस," तू म्हणालास. "घर मोडलेलं पाखरू बसणार कुठे? सगळी वरच असणार. ज्या दिवशी सगळ्यांत जास्त दिसतील, त्या दिवशी खाली एकही नसेल."

"हरलास म्हणून बोलतोयस."

"पेढे राहू दे. मोजायचं असेल तेव्हा ये."

मी तो पुडा जिन्यावरून खाली भिरकावला. जिथे माझं लहानपण गेलं त्या खोलीच्या दारात पेढे सांडले. आपली शेवटची भेट ही.

यंदा ताप आला आणि मुंबई पळत सुटली. मी बंदरावर आलो तर पाय ठेवायला जागा नाही. बोचकी, पिंजरे, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं. बोटीच्या एजंटाचा माणूस घाम पुसत मला म्हणाला, "काय माणूस वाढलंय हो मुंबईत! मावत नाही." मी होय म्हणालो. मग सकाळी निघताना पाहिलेली आमची लालबागची चाळ डोळ्यांपुढे आली. दोन्ही मजल्यांवर ओळीनं कुलपं. सगळं माणूस इथे धक्क्यावर उभं होतं, कारण घरात कुणी उरलं नव्हतं. तुझं जिन्यावरचं बोलणं माझ्या कानात वाजलं. मी ते झटकलं. गर्दीत धक्के मारत बोटीत चढलो.

खडकापाशी भिवानं पहिलं विचारलं, "मास्तर इले नाय?"

"रजा नाही त्यांना," मी म्हणालो. त्या घटकेला तू तापात होतास की गेलेला होतास, हे मी दिवस मोजून काढायचा प्रयत्न केला आहे. जमत नाही.

भिवानं उन्हाला पत्र्याचं झाकण धरलं. पट्टी भिंतीवर फिरली. दगड, दगड, खरवडल्याच्या पांढऱ्या खुणा, पुन्हा दगड. एका खुणेला दोन पाकोळ्या नख्यांनी लटकून चोच घासत होत्या. घासायच्या, थांबायच्या, पुन्हा घासायच्या. दगडावर काही उमटत नव्हतं. बाहेर आभाळ मात्र भरलेलं होतं. भिवा वर बघत म्हणाला, "शेटानू, आनंदान नाय उडनत ती. बसाक जागा नाय म्हणान उडतत."

माझी माणसं खुरपी घेऊन उभी होती. एवढं पाहिल्यावर मी परत फिरलो असेन असं कुणाला वाटेल. मी म्हणालो, खरवडा. रिकाम्या होडीनं फिरणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही. जी काही निघाली ती एका टोपलीत मावली. त्यातल्या काहींत अंडी होती. ती पाण्यात टाकली, तिथे मासे आले. मी बघत होतो.

परत आलो आणि टोपली घेऊन सरळ गिरगावात गेलो. खरं सांगतो, तुला दाखवायलाच गेलो. मनात होतं, आधी दोन शिव्या देईन, मग म्हणेन, मोज. तुझ्या खोलीचं दार सताड उघडं, भिंतींना चुना, आत काही नाही. शेजारच्या काकूंनी दाराआडूनच सांगितलं. तुला सोनापूरच्या स्मशानात नेलं तेव्हा खांदा द्यायला चार माणसं पुरी झाली नाहीत. मग सफाई करणारी माणसं आली. गादी, कपडे, कागद, पाटीची चौकट, सगळं खाली चौकात घालून जाळलं. काकू म्हणाल्या, "कागद तरी किती हो त्यांचे! लवकर विझेचना."

चार वर्षांची मोजणी, जनू. एकाच तिथीची, एकाच ओहोटीची.

वहिनी दादरला भावाकडे आहेत. नारळाच्या झाडांत दोन खोल्यांचं घर. मी ओटीवर बसलो, त्या उंबऱ्याआत. म्हणाल्या, "आजारी पडायच्या आधी हे तुम्हाला पत्र लिहायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. म्हणाले, नको, तो चिडेल."

"काय लिहिलं होतं?"

"मला काय ठाऊक? मला वाचता येतं थोडंच." मग म्हणाल्या, "चिडला असतात ना तुम्ही?"

"हो," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग रडल्या. चिडलो असतो, पण पत्र वाचलं असतं. वाचून बोटीवर चढण्याआधी गिरगावात आलो असतो, भांडायला तरी. तुला नेताना चौथा खांदा माझा असता. तुझ्या त्या "नको"वर माझा सगळ्यांत जास्त राग आहे, आणि इतकी वर्षं माझा स्वभाव ओळखून माझ्याशी मैत्री ठेवलीस त्याचे उपकारही तेवढेच आहेत. दोन्ही एकाच जागी बसलेत. वेगळे करता येत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी कचेरीत गेलो. नवा अर्ज बरोबर होता: माझा आधीचा अर्ज चुकीचा, खडक बंद करावा, मोजणी जनार्दनरावांची खरी. कारकुनानं दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता.

"शेट, तुमचे दोन अर्ज झाले. एकात पाखरं वाढलीत, दुसऱ्यात संपत आलीत. एकाच माणसाचे. मी कुठला खरा धरू?"

"हा."

"तुम्ही म्हणता म्हणून?"

"मी स्वतः बघून आलोय."

"आधीच्यातही तसंच लिहिलंय." त्यानं जुनी फाईल काढली. "मोजणीचे मूळ कागद आहेत?"

"जळाले."

"मोजणारे गृहस्थ येऊन सांगतील?"

ते वारले म्हणून सांगितलं. त्यानं मान हलवली, हल्ली दिवसातून कितीदा हलवत असेल तशी. मग फाईलमधलं एक पान वाचलं आणि आवाज खाली केला. "शिवाय त्यांची नजर अधू होती असं इथे नोंदलंय. तुमचीच सही आहे." मी आवाज चढवला नाही. तो म्हणाला, लिलाव ठरल्या दिवशी होणार, दुसरे बोली लावणारे तयार आहेत, त्यांनीही आभाळ पाहिलंय. खडक बंद करायचा तर नवी मोजणी आणा, रीतसर, कोष्टक करून.

तेव्हा मी परवाच्या बोटीनं जातो आहे. सुताराकडून चौकट करून घेतली आहे, दोरे स्वतः ताणले. वहिनींनी आरसा दिला. तो त्यांच्याबरोबर दादरला आला होता म्हणून वाचला. यंदाची तुझी तिथी अजून यायची आहे; ती आणि तुझी ओहोटी भिवाला पाठ आहेत.

मी मोजीन. पण एक अडतं. भिवानं मागच्या फेरीत सांगितलं, तू एकेक भिंत तीनदा मोजायचास आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा यायचा, आणि मग तू एकच लिहायचास. तो पहिला असायचा की मधला, की तिघांतून काढलेला आणखी कुठला, हे त्याला माहीत नाही. मलाही नाही. चार वर्षं मी तुझ्या शेजारी होडीत बसलो होतो, आणि "किती झाली" याच्यापुढे मी तुला कधी काही विचारलं नाही.